अमेरिकन स्त्रियांचा मताधिकार, आनंदीबाई आणि रमाबाई: लेखासाठी साधनं कशी तपासावीत?

मेधा, नौपाडा
दिवाळी अंकासाठी दोन हजार शब्दांचा लेख लिहिते आहे: १८८० नंतरची अमेरिकन स्त्री, आणि तिला जवळून पाहणाऱ्या आनंदीबाई जोशी व पंडिता रमाबाई. आनंदीबाई कल्याणच्या, म्हणून आपल्याकडच्या वाचकाला विषय जवळचा वाटेल. पण मराठीत बहुतेक ठिकाणी ‘१९२० साली अमेरिकेत स्त्रियांना मत मिळालं’ एवढ्यावरच सगळं आटोपतं. रमाबाई तिथे होत्या तेव्हा कायदा काय होता? आणि फिलाडेल्फियाची कागदपत्रं ठाण्यात बसून कशी शोधायची?

खाडीकाठ
मेधाताई, ते वाक्य आधी खोडा. मताचा कायदा राज्यागणिक वेगळा होता, त्यामुळे प्रत्येक विधानापुढे राज्य आणि साल दोन्ही हवं. वायोमिंग प्रदेशाने १८६९ मध्ये स्त्रियांना मत दिलं, युटाने १८७० मध्ये. युटातला हक्क काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, १८८७ मध्ये कायदा करून काढून घेतला, म्हणजे रमाबाई अमेरिकेत असतानाच.

न्यू जर्सी तर तुमच्या लेखाचा गाभा ठरेल, कारण आनंदीबाई ज्यांच्या घरी उतरल्या त्या कार्पेंटरबाई तिथल्या रोझेल गावच्या. १७७६ च्या तिथल्या घटनेत मतदाराला मालमत्तेची अट होती, पण पुरुष असण्याची नव्हती. त्यामुळे अविवाहित स्त्रिया आणि विधवा मत देत. विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, म्हणून ती त्या अटीतच बसत नसे. १८०७ मध्ये हा हक्कही गेला. हक्क मिळतो तसा जातोही, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

दुसरी चूक चळवळ एकसंध मानण्याची. पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशावरून मत नाकारायला बंदी केली, लिंगाचा मात्र उल्लेख नव्हता. तिला पाठिंबा द्यायचा की नाही यावरून १८६९ मध्ये दोन वेगळ्या संघटना झाल्या आणि त्या थेट १८९० मध्ये एकत्र आल्या. रमाबाईंच्या मुक्कामात (१८८६ ते १८८८) त्या वेगळ्याच होत्या, म्हणून कोणतंही भाषण वापरताना ते कुणाच्या व्यासपीठावरचं ते पाहा. रमाबाईंचा घनिष्ठ संबंध तर फ्रान्सिस विलार्ड यांच्या दारूबंदीवाल्या स्त्रीसंघटनेशी होता. ती तिसरीच.

आणि १९२० नंतरही दक्षिणेकडच्या राज्यांत मतपट्टी (मत देण्यासाठी भरायचा कर) आणि साक्षरता-परीक्षा लावून काळ्या स्त्रियांना रोखलं जात होतंच. १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत यायलाच हवं.

पारसिक
शोधाबद्दल. आनंदीबाई जिथे शिकल्या त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजचा दप्तरखाना आता फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात आहे. संस्था १८५० मध्ये सुरू झाली आणि १८६७ मध्ये तिचं नाव बदललं, म्हणून ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ आणि ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ अशा दोन्ही नावांनी शोधा. ‘जोशी’चं स्पेलिंग शेवटी आय नव्हे, डबल ई. ‘आनंदीबाई’ बऱ्याच ठिकाणी ‘आनंदाबाई’ छापलेलं सापडतं.

विवाहित अमेरिकन स्त्री स्वतःच्या नावाने क्वचितच सापडते. थिओडिशिया कार्पेंटर टाकून काही आलं नाही तर ‘मिसेस बी. एफ. कार्पेंटर’ टाका. ती आद्याक्षरं नवऱ्याची.

खानेसुमारीत १८५० आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. १८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीत आणि नंतर नष्ट झाली, म्हणून १८८० वरून थेट १९०० वर जावं लागतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह फुकट आहे, पण यंत्राने वाचलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात. पूर्ण नावाऐवजी ‘हिंदू’, ‘ब्राह्मण’ असा शब्द आणि गावाचं नाव जोडून शोधा. तारखेत महिना आधी असतो: ३/११/१८८६ म्हणजे ११ मार्च, आनंदीबाईंच्या पदवीदानाचा दिवस. मराठी सवयीने वाचलं तर ३ नोव्हेंबर होतो.

मेधा, नौपाडा
तारखेचा घोळ माझ्या मसुद्यात खरंच होता, दुरुस्त केला. ‘पहिली भारतीय स्त्री डॉक्टर’ असं लिहावं का?

वाशी सेक्टर १७
नुसतं ‘पहिली’ नको. त्याच १८८६ मध्ये कादंबिनी गांगुली कलकत्त्यात डॉक्टर झाल्या. ‘अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री’ असं लिहा.

रमाबाईंचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक १८८९ चं आहे. त्यातलं स्त्रियांच्या स्थितीवरचं प्रकरण मूळ मराठीतच वाचा, इंग्रजी भाषांतरावरून उलट मराठी करू नका, रमाबाईंचा आवाज हरवतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी चौकशी करा. उतारा घेताना जुनं शुद्धलेखन तसंच ठेवा आणि आवृत्तीचं साल टिपून ठेवा, कारण पुनर्मुद्रणात पानांचे आकडे बदलतात.