टूर द फ्रान्सच्या मागे सायकल सहल: कोणती निवडावी? तयारी काय?

दिवेघाट (हडपसर):

नमस्कार मंडळी. जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. 2027 च्या जुलैत फ्रान्सला जाऊन टूर द फ्रान्स बघायची, आणि नुसती बघायची नाही, त्या घाटांत स्वतः सायकल चालवायची, असं ठरवलंय. वय 47. दर रविवारी बोपदेव किंवा दिवे घाट होतो, महिन्यातून एकदा सिंहगड.

गाईडसोबतच्या दोन सहली पाहून ठेवल्यात. एकीत शेवटचे दहा दिवस शर्यतीच्या मागोमाग फिरायचं, जवळजवळ रोज नवीन हॉटेल. दुसरीत आठवडाभर एकाच खोऱ्यात मुक्काम, त्यात शर्यतीचे दोनच टप्पे बघायला मिळतात. पहिलीचा खर्च जवळपास दुप्पट. बायको बरोबर असेल, ती सायकल चालवत नाही. दोघंही शाकाहारी. कुणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

यवतेश्वरची_चढाई (सातारा):

दादा, दुसरी घ्या. पैसे वाचतात म्हणून नव्हे. पहिली फुकट मिळाली तरी मी दुसरीच घ्या म्हणेन.

कारण सांगते. मी 2022 ला अशाच एका गटाबरोबर गेले होते. मुक्काम बूर द्वाझां या गावात, आल्प द्युएझ या टूरमधल्या प्रसिद्ध चढाच्या अगदी पायथ्याशी. 14 जुलैला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, शर्यत तिथे संपणार होती. आदल्या दिवशी आम्ही लोतारेच्या बाजूने गालिबिए घाट चढलो (2642 मीटर, वरच्या वळणांवर श्वास अपुरा पडतो), आणि त्या दिवशी सकाळी नाश्ता करून थेट आल्पच्या चढाला लागलो. गाडीत बसायचं नाही, सामान बांधायचं नाही. रोज हॉटेल बदलणाऱ्या सहलीत दिवसाचे तीन-चार तास व्हॅनमध्ये जातात, कारण शर्यतीमुळे बंद झालेल्या रस्त्यांना वळसा घालूनच पुढचं गाव गाठावं लागतं. शिवाय सपाटीच्या टप्प्यावर दिवसभर उन्हात थांबून हाती काय लागतं? ताशी 45 च्या वेगाने पूर्ण घोळका अर्ध्या मिनिटात नजरेआड होतो.

घाटात तसं होत नाही. तिथे ते विखरून येतात, आणि प्रत्येकाचा चेहरा दिसतो.

आल्पचा चढ 13.8 किलोमीटर, सरासरी 8.1 टक्के, वळणं 21. आकडे खालून वर उतरत जातात: पहिलंच वळण 21 नंबरचं, आणि प्रत्येक फलकावर इथे जिंकलेल्यांची नावं. 21 वर फाउस्टो कोप्पी, 1952 चा, म्हणजे शर्यत पहिल्यांदा इथे आली त्या वर्षीचा विजेता. सगळ्यांत कठीण भाग सुरुवातीलाच, ला गार्द गावापर्यंतचा, दहा टक्क्यांच्या वरचा. तिथे जोर लावू नका. त्या सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना कॅम्पर गाड्यांची रांग, काही लोक तर कित्येक दिवस आधीपासून तळ ठोकून बसलेले. डांबरावर रंगाने नावं लिहिलेली. कुणीही अनोळखी माणूस ‘आले, आले’ (फ्रेंचमध्ये ‘चला, चला’) ओरडत पाठीला हात लावतो, लहान मुलं टाळीसाठी तळहात पुढे करतात. सातव्या वळणावर डच लोकांचा अड्डा. इथल्या पहिल्या 14 शर्यतींपैकी 8 डच खेळाडूंनी जिंकल्या, तेव्हापासून ते वळण त्यांचंच. सगळीकडे नारिंगी रंग, कानठळ्या बसवणारं संगीत, आणि त्यातून वाट काढत आपण चढतोय. खेळाडूंना जो रस्ता मिळणार तोच, त्याच दिवशी, काही तास आधी. यासाठीच जायचं, दादा. टीव्हीवर याचा वासही येत नाही.

आम्ही उएझ गावाच्या थोडं वर जागा धरली. खेळाडूंच्या सुमारे दोन तास आधी जाहिरातीच्या गाड्यांचा ताफा येतो, टोप्या, बिस्किटं, किचेन फेकत जातो. (त्यात सॉसेजची पाकिटंही असतात, तुम्ही शाकाहारी म्हणून सांगून ठेवते.) मग हेलिकॉप्टरचा आवाज, आणि वळणावर एकटा टॉम पिडकॉक, त्या दिवशीचा विजेता. गालिबिएवरून तो ज्या वेगाने उतरला ते दृश्य नंतर जगभर फिरलं, पण आमच्यासमोरून गेला तेव्हा तोंड उघडं, खांदे डुलतायत, इतका दमलेला होता. नंतर मेंटजेस, मग ख्रिस फ्रूम. मग पिवळ्या जर्सीतला (ती एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याला मिळते) विंगेगार्ड आणि त्याला चिकटून पोगाचार. आदल्याच दिवशी ग्रानोंच्या चढावर विंगेगार्डने ती जर्सी पोगाचारकडून घेतली होती, त्यामुळे पोगाचार पुन्हा पुन्हा जोर करत होता. हाताच्या अंतरावरून.

पुष्कळ लोक इथेच उठून चालू लागतात. तुम्ही उठू नका. सगळ्यांत शेवटी स्प्रिंटर लोकांचा, म्हणजे सपाटीवर वेगवान पण चढावर मागे पडणाऱ्यांचा घोळका येतो. ठरलेल्या वेळेच्या आत पोचले नाहीत तर शर्यतीतून बाद, म्हणून ते एकमेकांना धरून चढतात. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवताना माझा घसा भरून आला होता. जिंकणाऱ्याइतकेच ते मला मोठे वाटतात.

वहिनींचं: सहल कंपनीला आधीच विचारा की शर्यतीच्या दिवशी सायकल न चालवणाऱ्यांना वर कसं नेणार. घाट गाड्यांसाठी खूप लवकर बंद होतो. डोंगराच्या पलीकडच्या ओझ आणि व्होजानी गावांतून केबल कार आल्पकडे येते, तो मार्ग चांगला. बाकीचे दिवस खोऱ्यात चालायला वाटा भरपूर आहेत.

जेवण: त्या भागात बटाट्याचे काप साय आणि लसूण घालून भाजतात, तो पदार्थ सगळीकडे मिळतो आणि पोटभरीचा आहे. तरी शाकाहार म्हणजे मासेही नाहीत, हे लिहून कळवा. दुपारसाठी खाकरे, शेंगदाण्याचे लाडू इथूनच न्या.

रोनकाठी (ल्यों):

ताईंनी छान लिहिलंय, पण गाईडची गरजच काय? मी इथे नोकरीला आहे, शनिवारी ट्रेनमध्ये सायकल टाकून ग्रनोबलला जातो आणि तिथून पॅडल मारत शर्यत बघतो. फ्रान्समध्ये बघायला तिकीट लागत नाही, रस्ता सगळ्यांचा. खोल्या वेळेत धरल्या तर निम्म्या खर्चात होईल.

अजून एक: स्त्रियांची टूर द फ्रान्स जरूर विचारात घ्या. 2022 पासून नव्याने सुरू झाली आहे. 2024 ला तीही आल्पवर संपली आणि कास्या निएविआदोमा फक्त 4 सेकंदांनी जिंकली. गर्दी तुलनेने कमी, त्यामुळे अगदी जवळून बघता येतं.

यवतेश्वरची_चढाई (सातारा):

रोनकाठी, स्त्रियांच्या शर्यतीबद्दल शंभर टक्के सहमत. पण गाईडच्या बाबतीत नाही. तुम्ही तिथे राहता, भाषा येते, वेळापत्रक बिघडलं तर रात्री घरी जाता. बूर द्वाझांला रेल्वे नाही, शर्यतीच्या आठवड्यात बस भरलेल्या असतात आणि खोल्या मार्ग जाहीर होताच संपतात. गाईडला पोलीस रस्ता केव्हा अडवतील याचा अंदाज असतो. अडवल्यावर सायकल हातात धरून चालायचं की तिथेच थांबायचं, हे तो शिपायाशी बोलून मिटवतो. आमच्या गटातला एक जण गालिबिए उतरताना थंडीने कुडकुडायला लागला तेव्हा वळणावर व्हॅन उभी होती, जाकीट आणि गरम चहा घेऊन. परक्या मुलखात पहिल्यांदा जाणाऱ्याला हे हवंच.

दिवेघाट (हडपसर):

ताई, ठरलं, एकाच खोऱ्यातली. आता दोन शंका. माझी सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? आणि बुकिंग कधी करू?

यवतेश्वरची_चढाई (सातारा):

भाड्याने घ्या, पण पेडल आणि सीट आपली न्या. पुढे 34, मागे 34 दात असलेला गिअर आहे ना, हे बुक करतानाच लिहून घ्या. आणि एक महत्त्वाचं: तिथल्या सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे बहुधा उजव्या. घाट उतरताना हात सवयीनेच दाबतो. आपल्यासारखे ब्रेक लावून मिळतील का ते आधीच मेलवर विचारा, हायड्रॉलिक असतील तर ऐन वेळी कुणी बदलून देत नाही. नाहीच मिळाले तर पहिला दिवस सपाटीवर घालवा, वाहतूकही उजवीकडून आहे.

2027 ची सुरुवात एडिनबरोला आहे, पण डोंगर कोणते ते ऑक्टोबरमध्ये कळेल. यंदा 24 आणि 25 जुलैला लागोपाठ आल्प ठेवलाय, त्यामुळे पुढच्या वर्षी पिरनीज डोंगररांगेवर, तिथल्या तुर्मले घाटावरही मन तयार ठेवा. मार्ग कळताच त्याच आठवड्यात बुकिंग करा. फ्रान्सला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. 30,000 युरोचा विमा सक्तीचाच आहे, त्यात डोंगरातली सायकल धरलेली आहे का ते वाचून बघा.

सरावासाठी बोपदेव फार लवकर संपतो. सिंहगड दोनदा सलग करा, मधे फक्त पाणी भरण्यापुरतं थांबून. आणि कधी इकडे आलात तर वाईहून पसरणी चढून तसेच महाबळेश्वरपर्यंत जाऊ, मी येते बरोबर.