सेक्स्टंटचे आरसे: आधी कुठला स्क्रू फिरवायचा?

डेक_कॅडेट:
नमस्कार मंडळी, एक जुना पितळी सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजायचं यंत्र) हाती आलाय. ड्रम (बारीक माप दाखवणारी फिरकी) शून्यावर आणला तरी क्षितिजाची रेघ मध्येच तुटते आणि रात्री ताऱ्याच्या शेजारी तोच तारा परत दिसतो. होरायझन मिररला (क्षितिजाकडे बघायचा, जागचा न हलणारा आरसा) दोन स्क्रू आहेत, इंडेक्स मिररला (फिरत्या दांडीवरचा, म्हणजे आर्मवरचा आरसा) एक. सुरुवात कुठून करू? आणि हल्ली अर्धी काच मोकळी न ठेवता पूर्ण आरसा असलेले मिळतात, ते बरे का?

जुना_सेकंडमेट:
क्रम मोडू नकोस. पहिला इंडेक्स मिरर. आर्म ३५ अंशांच्या आसपास ठेव, सेक्स्टंट आडवा धर आणि आरशात तिरकं बघ, कमान (अंशांच्या खुणांची पट्टी) आणि तिचं प्रतिबिंब एका सलग रेषेत दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर आरसा फ्रेमला काटकोनात नाही. मग शून्यावर ये, ताऱ्यावर रोख आणि ड्रम मागेपुढे फिरव, प्रतिबिंब बरोब्बर ताऱ्यावरून जायला हवं, बाजूने गेलं तर साइड एरर. क्षितिज तुटतं तो इंडेक्स एरर, तो शेवटी. या दोन्ही एररचे स्क्रू एकाच होरायझन मिररचे, एक हलवला की दुसरं थोडं बिघडतंच, म्हणून आलटून पालटून अगदी जरा जरा फिरव. शेवटी एकदोन मिनिटं (अंशाचा साठावा भाग म्हणजे १ मिनिट) एरर उरला तर राहू दे, सारखे पिळून आटे ढिले होतात. पण गणितात धरायचं विसरू नकोस, १ मिनिटाची चूक म्हणजे १ सागरी मैलाची चूक!

ध्रुवतारा:
+१. उरलेला एरर सूर्यावर मोज, दोन्हीकडच्या शेड्स (गडद काचा) लावूनच. सूर्याची दोन्ही बिंबं, थेट दिसणारं आणि आरशातलं, कडेला कड लाव, एकदा वर एकदा खाली. समजा ऑन (शून्याच्या पुढे) ३० आणि ऑफ (शून्याच्या मागे) ३४ मिनिटं आलं, तर फरकाचा अर्धा म्हणजे २ मिनिटं ऑफ, ती रीडिंगमध्ये मिळवायची. बेरीज ६४, भागिले ४ बरोबर १६, हा अल्मनॅकमध्ये (खलाशांच्या खगोलीय पंचांगात) त्या दिवशी दिलेल्या सूर्याच्या अर्धव्यासाशी जुळला की माप नीट घेतलंय. ड्रम दरवेळी एकाच दिशेने फिरवत आण.

आरसेवाला:
पूर्ण आरशाबद्दल सांगतो. त्यात क्षितिज आणि सूर्य दोन्ही अख्ख्या काचेत दिसतात, जहाज डोलत असताना सूर्य पटकन सापडतो. पण प्रकाश दोन्हीकडचा कमी होतो, त्यामुळे संधिप्रकाशात अंधुक तारा आणि पुसट क्षितिज जुळवताना जीव जातो. तारे घ्यायचे असतील तर माझं मत अर्ध्या आरशालाच. डोलण्याचं म्हणाल तर ती खुबी दोन आरशांचीच आहे, इंग्लिश गणितज्ञ जॉन हॅडलीने १७३१ मध्ये मांडलेली: हात हलला तरी दोन्ही प्रतिमा एकत्र सरकतात, आणि आरसा १ अंश वळला की किरण २ अंश वळतो, म्हणून ६० अंशांच्या कमानीवर १२० पर्यंत मोजता येतं.
आणि हो, आरशाच्या कडा आधी बघ. खाऱ्या हवेने मागचा मुलामा कडेपासून काळा पडत आत सरकतो, तसं असेल तर स्क्रूच्या नादी लागण्याआधी आरसा बदल.