दप्तरखान्यात उन्हाळी इंटर्न घ्यावेत का?

कागदकिडा:
परीक्षा संपल्या की बी.ए.ची पोरं ऑन जॉब ट्रेनिंगसाठी दारोदार फिरतात. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. इतिहासवाल्यांना कोणी विचारत नाही. शेवटी ओळखीपाळखीतून एखाद्या ट्रॅव्हल एजंटाकडे बसून एक्सेल भरायचं आणि सही-शिक्का घेऊन यायचं. आणि याच पुण्यात पेशवे दप्तर आहे, पेशव्यांच्या कारभाराचे कागद! इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, पण ढिगाच्या मानानं ते चिमूटभरच. बाकीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, कोण सोडणार? माझं म्हणणं असं की शासनानं पुणे पुराभिलेखागारात दर मे-जूनमध्ये वीसेक विद्यार्थी रीतसर विद्यावेतन देऊन घ्यावेत. जुन्या कागदांची मोडी लिपी येत नसेल त्यांना ब्रिटिश काळातली इंग्रजी कागदपत्रं द्यावीत. इनामं तपासायला इंग्रजांनी नेमलेल्या इनाम कमिशनचंच काम किती आहे.

बोरू:
मी मोडी शिकवते, म्हणून थोडं सविस्तर. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात, तेवढ्यावर पोरं हुरळतात. मग खरा कागद समोर येतो. आधी ओळभर शिरोरेघ ओढलेली, तिला अक्षरं लटकवलेली, दोन शब्दांत फट नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एवढं लावलं तरी तारीख राहतेच. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, झाला ११६१. हा सुहूर सन, म्हणजे अरबी शब्दांत लिहायची तेव्हाची कालगणना, मृगाला सुरू होतो, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. पानिपतची लढाई याच सनातली, पण जानेवारीत असल्यामुळे १७६१. हे दोन महिन्यांत कोणाच्या अंगवळणी पडतं? चुकीच्या सालाखाली नोंदलेला कागद पुढच्या अभ्यासकाला मेलाच समजा. नोंद नसलेला निदान कधीतरी कोणी उघडून बघेल.

तिसरीघंटा:
मे महिन्यात, पुण्यात, घामेजल्या हातांनी अडीचशे वर्षांचा कागद! काजळाची शाई आहे ती, ओलाव्यानं पसरते. धन्य.

कागदकिडा:
मूळ रुमाल पोरांच्या हाती द्या असं मी कुठे म्हटलं? स्कॅन द्या. एकच कागद दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवायचा, जुळला नाही तर जाणकाराकडे. बोरूताई, तुमचा मुद्दा मोडीपुरता सोळा आणे मान्य, पण इंग्रजी दप्तराला तो लागू होत नाही.

सांगवीकर:
विद्यावेतन म्हणता, पण कुठल्या योजनेतून? मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागूच नाही. म्हणजे इथे फुकट राबणं आलं. मग येणार कोण? ज्यांचं घर कोथरूडात आहे ते. जुन्नरची किंवा इंदापूरची पोरगी सुट्टीत कॉट बेसिसवर राहून, मेसचे पैसे भरून तुमच्या सूच्या करायला येईल का? तिच्या गावचं वतन त्याच कागदांत असेल, ते सोडा.

फायलीतलाबाबू:
आयुष्य रेकॉर्ड रूममध्ये गेलं, वेगळ्या खात्यात. वीस पोरं म्हणजे त्यांच्यामागे किमान दोन माणसं, स्कॅन असले तरी. नोंदी तपासणं, हजेरी, त्या क्रेडिटच्या फॉर्मवर सह्या. तोवर वाचनकक्षातला अभ्यासक ताटकळत बसणार. आणि एकदा का हंगामी पोरं मिळाली, की कायम पदांची फाईल कपाटात गेलीच म्हणून समजा. 'काम चाललंय ना?' हा शेरा मी स्वतः वाचलाय. आधी भरती करा, मग इंटर्नांचं बघू.

कागदकिडा:
बाबूसाहेब, भरतीची वाट बघत बसलो तर या पोरांना नातवंडं होतील. पण सांगवीकरांचं पटलं. विद्यावेतन नसेल तर मीही या कल्पनेच्या विरोधात.

बोरू:
मग माझी अट ऐका. दिवाळीनंतर कॉलेजात मोडीचा वर्ग, एप्रिलमध्ये वाचनाची परीक्षा, आणि पास होणाऱ्यांनाच मोडीचे स्कॅन. पाचच निघाले तर पाचच. नापासांनी खुशाल इंग्रजी दप्तर घ्यावं.

सांगवीकर:
त्या वर्गाची फी कोण भरणार, तेही सांगा.