पान 17 वर आपली बिल्डिंग आहे का?
(सोसायटीचा ग्रुप, "फक्त महत्त्वाच्या सूचना". मंगळवार सकाळ.)

देशपांडे (बी-402): मनपाच्या आरोग्य खात्याच्या वार्षिक अहवालाची पीडीएफ काल रोहनने टाकली होती, ती कुणी उघडली का? पान 17 बघा. "प्रभागातील घरोघरी भेटी: उद्दिष्ट पूर्ण." वर एका आजींचं बीपी मोजतानाचा फोटो. माझी आई चौदा महिने अंथरुणावर आहे. आमच्याकडे एक चिटपाखरू फिरकलेलं नाही. बी विंगमध्ये कुणाकडे कोणी आलं असेल तर कृपया सांगावं.

रोहन पाटील (सी-604): आमच्याकडे फक्त स्विगीवाला येतो 🙋‍♂️

देशपांडे (बी-402): चेष्टेचा विषय नाही हा.

रोहन पाटील (सी-604): सॉरी काका 🙏

गोखले (ए-101): मी पूर्ण वाचला. मुद्दा एकच आहे. उद्दिष्ट किती होतं, हे अख्ख्या अहवालात कुठेही लिहिलेलं नाही. मग पूर्ण कसं झालं? 32 वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत.

साठे काकू (ए-201): शुभ प्रभात 🌹 रोज सकाळी कोमट पाण्यात हळद आणि मिरपूड घातल्याने

साठे काकू (ए-201): (हा मेसेज डिलीट केला गेला)

साठे काकू (ए-201): चुकून इकडे आलं, भिशीच्या ग्रुपवर टाकायचं होतं

नाईक (बी-102): आरोग्याचं निघालंच आहे तर टाकी कधी धुणार? गेल्या पावसाळ्यात आपल्याच इमारतीत डेंग्यूचे तीन पेशंट होते. फवारणीवाले तर दिसलेच नाहीत. आणि माझ्या जागेवर पांढरी गाडी कुणाची?

कदम, सेक्रेटरी (सी-301): टाकीचं कोटेशन मागवलंय. गाडीचं वॉचमनला सांगतो. कृपया ग्रुपच्या विषयाला धरून बोलावे ही नम्र विनंती.

नाईक (बी-102): गाडी विषयाला धरूनच आहे. माझं बीपी त्यामुळेच वाढतं.

अमेय (ए-303): देशपांडे काका, वाचून वाईट वाटलं. इथे वेल्समध्ये सात हेल्थ बोर्ड, म्हणजे सरकारी आरोग्य मंडळं आहेत. दरवर्षी अहवाल काढावा लागतो आणि वार्षिक सभा जाहीर असते, साधा माणूस जाऊन प्रश्न विचारतो. आमच्या शेजारच्या आजींच्या पायाला जखम आहे, तर डिस्ट्रिक्ट नर्स घरी येऊन ड्रेसिंग करून जाते. एक पैसा घेत नाही.

नाईक (बी-102): उत्तम. आपल्या फ्लॅटचा सहा महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे, त्याचाही एक अहवाल काढा.

अमेय (ए-303): ओटीपी भारतातल्या बंद नंबरवर जातो, हे मी कमिटीला दहा वेळा लिहिलंय.

रोहन पाटील (सी-604): दादा, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला किती थांबावं लागतं तेही लिही ना 😄

अमेय (ए-303): थांबावं लागतं. भरपूर. ते नाही म्हणत नाही मी.

गोखले (ए-101): विषयांतर नको. उद्दिष्ट किती होतं?

साठे काकू (ए-201): देशपांडे, आईंचं ते 70 च्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंत का? पाच लाखांचं. आमच्या ह्यांचं निघालं, फोटो बरा आलाय.

देशपांडे (बी-402): काढलं, काकू. ऑक्टोबर 2024 ला योजना सुरू झाली, डिसेंबरात कार्ड हातात होतं. पण ते चालतं ॲडमिट केल्यावर. आई ॲडमिट नाही, घरी आहे. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, ती आता वाटीच्या बुडाएवढी झाली आहे. ड्रेसिंगला ब्युरोची बाई येते, रविवारी येत नाही. रविवारी मी करतो, यूट्यूबवर बघून. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून रात्री चार गजर लावतो. चौथा वाजायच्या आधी मीच जागा असतो. हे पाच लाखांत कुठे बसवू?

साठे काकू (ए-201): 🙏🙏

मेनन (ए-502): काका, माझ्या सासूबाई कोझिकोडजवळ असतात, त्याही झोपूनच आहेत. पंचायतीची पॅलिएटिव्ह नर्स, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांचा त्रास कमी करणारी, ठरलेल्या दिवशी घरी येते. सोबत आशा वर्कर, आणि गावातलाच एखादा स्वयंसेवक, कधी रिक्षावाला तर कधी शिक्षक. लघवीची नळी ती नर्सच बदलते. जाताना माझ्या नणंदेला विचारते, तुम्ही झोपता का? केरळ सरकारने याचं धोरण 2008 मध्ये केलं, पण कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात हे काम 1993 पासून चालू होतं आणि गावोगाव लोकांनीच ते उचललं होतं. सरकार मागून आलं.

नाईक (बी-102): केरळचं केरळला. इथे गाडी काढायला माणूस मिळेना.

मेनन (ए-502): मी इथे 22 वर्षं राहते, नाईक साहेब. मेंटेनन्स पहिल्या आठवड्यात भरते.

रोहन पाटील (सी-604): 🔥

कदम, सेक्रेटरी (सी-301): सर्वांनी संयम राखावा.

गोखले (ए-101): अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. उद्दिष्ट किती होतं?

जाधव सिस्टर (सी-204): मी गप्प बसणार होते. पण असली पान 17 मी नोकरीत असताना स्वतः भरली आहेत, दुसऱ्या मनपात, म्हणून लिहिते. शहरी आरोग्य अभियान 2013 ला आलं. निकष असा की 50 हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र, आणि एका आशाताईकडे 200 ते 500 घरं. भर मुख्यतः झोपडवस्तीवर. पुढे त्यात तिशीच्या वरच्या सगळ्यांची बीपी, शुगर, कॅन्सरची तपासणी आली. त्याचा एक फॉर्म असतो, आम्ही सीबॅक म्हणतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला बीपी आहे का. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. साठीच्या वरच्यांना प्रश्न वेगळे. उभं राहताना तोल जातो का? रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का? देशपांडे, हा शेवटचा प्रश्न तुमच्या घरी विचारला गेला असता तर आईंचं नाव कुठल्या तरी यादीत चढलं असतं. औषध लगेच मिळालं असतं असं म्हणत नाही. यादीत नाव असतं, एवढंच.

गोखले (ए-101): म्हणजे उद्दिष्ट

जाधव सिस्टर (सी-204): थांबा हो, तेच सांगते. फॉर्मच्या कडेला एक रकाना असतो, "घर बंद / नकार". खालून वर पाठवताना बेरीज जाते, तो रकाना जात नाही. आशाताई दारापर्यंत गेल्या, म्हणजे भेट झाली. दार उघडलं की नाही हे बेरजेत दिसत नाही. वरून फोन एकच येतो, "झालं का पूर्ण?"

गोखले (ए-101): हेच. हेच मी सकाळपासून म्हणतोय.

रोहन पाटील (सी-604): आमच्या कंपनीतही स्टेटस असाच ग्रीन असतो

स्नेहा (बी-303): एक विचारू का? माझ्याकडे कामाला येतात त्या ताई मागच्या वस्तीत राहतात. त्यांच्या सुनेला बाळ झालं. आशाताई तिसऱ्या दिवशी हजर, मग सातव्या, चौदाव्या, अशा बेचाळीस दिवसांपर्यंत सहा वेळा आल्या. काट्याला कापडाची झोळी अडकवून बाळाचं वजन करतात, बोटांवर श्वास मोजतात. परवा ताईंनीच मला विचारलं, "तुमच्या बिल्डिंगीत आशाताईला आत का घेत नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही.

जाधव सिस्टर (सी-204): ही सहा भेटींची पद्धत गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या गावातल्या बायकांना बाळ तपासायला शिकवलं, तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मग देशभर आशांना ते काम दिलं. सहा भेटींचे मिळून 250 रुपये मोबदला.

रोहन पाटील (सी-604): सहांचे मिळून??

जाधव सिस्टर (सी-204): मिळून. 2024 च्या सुरुवातीला आशाताई आझाद मैदानात आंदोलनाला बसल्या होत्या त्या उगाच नाही.

कदम, सेक्रेटरी (सी-301): स्नेहा मॅडम, कुणाला आत घेत नाहीत असं माझ्या माहितीत काही नाही. कामवाल्या बायकांच्या बोलण्यावरून सोसायटीची बदनामी नको.

स्नेहा (बी-303): बदनामी? मी प्रश्न विचारला.

रोहन पाटील (सी-604): मी खालीच आहे. गेटचं रजिस्टर बघतो.

नाईक (बी-102): खालीच आहेस तर पांढऱ्या गाडीचा नंबर पण बघ.

रोहन पाटील (सी-604): (फोटो)

रोहन पाटील (सी-604): (फोटो)

रोहन पाटील (सी-604): ज्यांना अक्षर लागत नाही त्यांच्यासाठी. पहिली नोंद. वेळ 11.40. नाव: आशा वर्कर 2 जणी. कुठे: सर्व फ्लॅट. काम: सर्वे. परवानगी: नाही. दुसरी, महिन्याने. काम: कुष्ठरोग तपासणी. परवानगी: "सेक्रेटरी साहेब फोन उचलत नाही." तिसऱ्या वेळी वॉचमन काकांनी कंटाळून नावापुढे फक्त "सेल्स" लिहिलंय.

स्नेहा (बी-303): सेल्स!

मेनन (ए-502): बापरे.

साठे काकू (ए-201): पोलिओवाल्या तर आत यायच्या पूर्वी. दाराशेजारी खडूने लिहून जायच्या.

जाधव सिस्टर (सी-204): ते खडूचं लिहिणं म्हणजे आमचा नकाशा होता, काकू. बाळांना डोस मिळाला तर पी. राहिलं तर फुली. फुलीच्या घरी परत जायचंच. त्या फुल्यांमागे धावून धावून 2014 ला देश पोलिओमुक्त झाला. आपल्या जिन्यातली खूण हाउसकीपिंगवाल्याने पुसली, "भिंत खराब होते" म्हणून. मी बघत होते.

कदम, सेक्रेटरी (सी-301): माझं नाव घेतलं गेलं म्हणून स्पष्ट करतो. सायकली चोरीला गेल्यावर वार्षिक सभेत ठराव झाला आहे. फ्लॅटधारकाने ॲपवर मंजुरी दिल्याशिवाय कुठलाही बाहेरचा माणूस आत सोडायचा नाही. "सर्वेक्षण, देणगी, विक्री इत्यादी" असे शब्द आहेत. मी फक्त अंमलबजावणी करतो. मिनिट्स बुकचा फोटो टाकू का?

गोखले (ए-101): जरूर टाका. कागद बोलू द्या.

कदम, सेक्रेटरी (सी-301): (फोटो)

कदम, सेक्रेटरी (सी-301): ठराव मांडणार: बी-402. अनुमोदन: ए-101.

रोहन पाटील (सी-604): 👀

नाईक (बी-102): 😂😂😂

देशपांडे (बी-402): मान्य. ठराव माझा आहे. तेव्हा आई चालत होती, गच्चीवर जाऊन पापड वाळवत होती. सायकल माझ्या नातवाची गेली होती. पण सर्वे म्हणजे ते मार्केटिंगवाले, या अर्थाने लिहिलं होतं. आशाताई डोक्यात नव्हत्या.

कदम, सेक्रेटरी (सी-301): वॉचमनला अर्थ कळत नाही, साहेब, शब्द कळतात.

गोखले (ए-101): ठराव वेगळा, अहवाल वेगळा. आपण आत घेतलं नाही ही आपली चूक, क्षणभर धरू. मग त्यांनी "पूर्ण" का लिहिलं? उद्दिष्ट किती होतं?

जाधव सिस्टर (सी-204): गोखले, तुम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज करा. "बंद / नकार" रकान्याची बेरीज मागा. त्यात आपलीही घरं निघतील, हे धरून चाला.

गोखले (ए-101): करतो. अर्जाला लावायचं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आहे घरात.

अमेय (ए-303): 2020 ला "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" च्या वेळी याच ताई ऑक्सिमीटर घेऊन आल्या होत्या ना? बाबा सांगत होते, गेटवर टाळ्या वाजवल्या म्हणून.

स्नेहा (बी-303): वाजवल्या. गेटच्या आतून.

कदम, सेक्रेटरी (सी-301): टोमणे पुरे. मार्ग सुचवा.

जाधव सिस्टर (सी-204): मार्ग साधा आहे. आरोग्य केंद्राच्या सिस्टरशी मी दुपारी बोलते. आशाताईंचा ओळखपत्राचा फोटो वॉचमनच्या केबिनमध्ये चिकटवा. येतील त्या दिवशी ॲपवर मंजुरीची वाट बघू नका, मी त्यांच्यासोबत फिरते. अंथरुणाला खिळलेलं माणूस कुणाकुणाकडे आहे ते मला वैयक्तिक कळवा, ग्रुपवर नको. मला माहीत आहेत अशी तीन घरं आहेत. देशपांडे बोलले म्हणून दिसले.

साठे काकू (ए-201): मी तुला फोन करते गं संध्याकाळी.

जाधव सिस्टर (सी-204): करा काकू. आणि देशपांडे, मी बाराला वर येते. तोवर आईंना कुशीवर ठेवा, पाठीवर नको. जखमेखाली ती गोल रबराची रिंग ठेवली असेल तर काढा, तिने कडेचा रक्तपुरवठा दबतो. पावडर टाकू नका. हवेची गादी आहे का?

देशपांडे (बी-402): रिंग आहे. काढतो. गादी आहे, पण तिचा पंप आवाज करतो म्हणून रात्री बंद करतो.

जाधव सिस्टर (सी-204): चालू करा आत्ता.

देशपांडे (बी-402): केली.

देशपांडे (बी-402): कदम, ठरावात दुरुस्ती मांडायची असेल तर विशेष सभा लागेल का?

कदम, सेक्रेटरी (सी-301): लागेल. पाच दिवसांची नोटीस. पण तोपर्यंत मी वॉचमनला तोंडी सांगतो.

गोखले (ए-101): तोंडी नको. लेखी द्या.

नाईक (बी-102): त्याच सभेत पार्किंग घ्या.

रोहन पाटील (सी-604): कदम काका, अर्जंट. गेटवर धूरफवारणीवाले आलेत. वॉचमन म्हणतोय ॲपवर कुणीतरी मंजुरी द्या. पंधरा मिनिटं मशिन खांद्यावर घेऊन उभे आहेत. नाईक काकांच्या नावाने रिक्वेस्ट गेलीय, ते उचलत नाहीत.

नाईक (बी-102): मी गाडीचा नंबर शोधतोय. तुम्ही कुणीतरी द्या.

कदम, सेक्रेटरी (सी-301): दिली मंजुरी.

गोखले (ए-101): रोहन, आहेस तिथेच तर त्यांना विचार, आजचं उद्दिष्ट किती आहे.