मैदानावर जमतं, रस्त्यावर लय पळते

सोसायटीच्या नव्या ढोल-ताशा पथकाचे सगळे हात (वाजवायचे ठरलेले ठेके) मैदानावर नीट बसतात आणि रस्त्यावर आलं की लय पळते, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या वर्षी आमचंही अगदी हेच झालं होतं. उभं राहून वाजवणं वेगळं आणि ढोल कमरेला बांधून चालत वाजवणं वेगळं. पाऊल आणि टिपरू (ढोल वाजवायची काठी) एकत्र पडेपर्यंत आम्ही आठवडाभर एकच हात चालत वाजवला.

दुसरी गोष्ट रांगेची. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे रांग 34 मीटर लांबली की पुढचा ताशा मागच्या ढोलाला सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. मागचे कानावर वाजवतात आणि मागे पडतात. म्हणून टोल (ठोक्यासाठी वाजवायची धातूची थाळी) मधोमध ठेवा, आणि मागच्यांनी टोलवाल्याच्या हाताकडे बघूनच ठोका टाकायचा. आमच्याकडे एवढ्यानेच निम्मं काम झालं.

पावसात ढोलाचं चामड्याचं पान सैल पडतं, झाकायला प्लास्टिकचे तुकडे जवळ असू द्या. आणि कानात कापसापेक्षा चांगले बोळे घाला, विशेषतः ताशावाल्यांनी. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.