घरच्या सर्व्हरच्या बॅकअपसाठी नॅस: कोणती घेऊ?

निफाडची_लेक:
नमस्कार मंडळी. नाशिकला घरी जुना डेल ऑप्टिप्लेक्स (आठव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम) सर्व्हर म्हणून चालू आहे. प्रॉक्समॉक्स (एका मशिनमध्ये अनेक आभासी मशिन चालवणारी प्रणाली) टाकलंय, त्यावर इमिच (फोटो), नेक्स्टक्लाउड (फाइली), पाय-होल (जाहिराती अडवायला) आणि जेलीफिन (सिनेमे). मी घरून काही दुकानदारांचे हिशोब बघते, त्यांचा टॅलीचा डेटाही नेक्स्टक्लाउडमध्येच येतो. एकूण माल १.४ टीबी, त्यात फोटो-व्हिडिओ सुमारे ९०० जीबी आणि सिनेमे ३०० जीबी.

आत्ता बॅकअप म्हणजे सर्व्हरच्या पाठीला कायमची लावलेली २ टीबीची यूएसबी डिस्क. आता नीट नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी, घ्यायची आहे. सिनॉलॉजी डीएस २२३, डीएस २२४ प्लस आणि क्यूनॅप टीएस २६४ हे तीन पर्याय बघून ठेवलेत. भाऊ म्हणतो त्याचा जुना कॅबिनेटवाला पीसी घे आणि ट्रूनॅस (पीसीचीच नॅस करणारी प्रणाली) टाक. दुकानदार म्हणतो सीसीटीव्हीच्या डिस्क टाका, त्या चोवीस तास चालायलाच बनवलेल्या असतात. दोन डिस्कची पेटी पुरेल की चारची घेऊ? वीज अधूनमधून जाते, घरात इन्व्हर्टर आहे. इंटरनेट १०० एमबीपीएस फायबर, पब्लिक आयपी (बाहेरून थेट घरच्या मशिनपर्यंत पोचायचा पत्ता) मिळत नाही.

कर्वेनगर_११:
टीएस २६४ डोळे झाकून घ्या. २.५ गिगाबिट आहे, इंटेल प्रोसेसर आहे, उद्या सगळे डॉकर (कंटेनरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कप्प्यांत चालणारी अ‍ॅप) तिकडेच हलवता येतील. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मॉडेलांना स्वतःच्याच डिस्कची सक्ती केली होती तेव्हापासून माझं मन उडालं.

खोकेवाला_डोंबिवली:
ती सक्ती त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम (त्यांच्या नॅसची प्रणाली) ७.३ बरोबर बरीच सैल केली, आणि २२३ किंवा २२४ प्लसला ती लागूच नव्हती. असो.

ताई, "उद्या सगळे डॉकर तिकडे हलवता येतील" हे वाक्य मनातून काढून टाका. बॅकअपच्या पेटीने बॅकअपच करावा. सर्व्हर आणि बॅकअप एकाच डब्यात गेले की तुम्ही परत यूएसबी डिस्कपाशीच येऊन उभ्या राहता, फक्त जास्त पैसे मोजून. हे एकदा ठरवलं की निम्मे प्रश्न आपोआप गळतात. २२४ प्लसचा इंटेल प्रोसेसर व्हिडिओ बदलायला आणि कंटेनर चालवायला. ते काम तुमचा डेल करतोच आहे. रात्री आलेल्या फाइली ठेवून घ्यायला डीएस २२३ ची २ जीबी रॅम पुरते. टीएस २६४ चं २.५ गिगाबिटही वाया, कारण ऑप्टिप्लेक्सचं पोर्ट १ गिगाबिटचं आहे. त्यातून सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे पहिला १ टीबी अडीच-तीन तासांत. त्यानंतर रोजचा फरक काही मिनिटांचा. तेवढ्यासाठी कुठे घाई आहे?

चार डिस्कची पेटी नको. सिनेमे वगळा, ते परत मिळतात. उरला १.१ टीबी. ४ टीबीच्या दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या (रेड १) की कित्येक वर्षं बघायला नको. फक्त रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर काम चालू राहावं, एवढ्यापुरतीच ती सोय. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते.

डिस्कबद्दल दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. स्कायहॉक किंवा डब्ल्यूडी पर्पल या सीसीटीव्हीच्या डिस्क सलग व्हिडिओ लिहायला बनवलेल्या असतात. चालतील, पण त्याच पैशात नॅससाठीची आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस मिळत असेल तर ती घ्या. खरं बघायचं ते सीएमआर की एसएमआर, म्हणजे डिस्कवर लिहायची पद्धत कोणती. सीएमआरमध्ये ट्रॅक सुटे असतात. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मधलं एक बदलायचं तर शेजारचे परत लिहावे लागतात. आरशासारख्या जोडीतली मेलेली डिस्क बदलून नवी भरायला घेतली की हे प्रकरण रडवतं. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की डब्ल्यूडीच्या साध्या 'रेड' मधल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर केल्या होत्या. सीएमआर हवी असेल तर नावात 'प्लस' बघून घ्या. आणि लॅमिंग्टन रोड असो की ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते डिस्क खोक्यातून काढण्याआधी बघा. परदेशातून आलेला माल इथे स्वस्तात विकला जातो, डिस्क गेल्यावर कोणी दारात उभं करत नाही.

आता मुद्द्याचं. तुमची यूएसबी डिस्क कायम लागलेली असते, म्हणजे सर्व्हरवर कोणी घुसलं किंवा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर बॅकअपही त्याच फेऱ्यात जाईल. नॅसचं फोल्डर सर्व्हरवर सगळ्या अधिकारांनिशी माउंट करून (कायमचं जोडून) ठेवलं तर काय बदललं? नॅसवर बॅकअपसाठी वेगळा साधा युजर करा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड सर्व्हरवर कुठेही ठेवू नका. व्हॉल्यूम बीटीआरएफएस या फाइल पद्धतीचा करा (२२३ वर होतो) आणि रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था, नॅसलाच काढू द्या. ते सर्व्हरकडून पुसता येत नाहीत. पेटी निवडताना मी प्रोसेसर नंतर बघतो, ही सोय आधी.

प्रॉक्समॉक्समधून व्हीएम (आभासी मशिन) आणि कंटेनरचे बॅकअप एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या नॅसच्या फोल्डरवर) पाठवा, ते लहान असतात. फोटो आणि नेक्स्टक्लाउडच्या फाइली रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने एसएफटीपीवरून (सुरक्षित फाइल पाठवणीने). प्रॉक्समॉक्सवाल्यांचाच वेगळा प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर मला आवडतो, पण त्याचा साठा एनएफएसवरून अशा पेटीवर ठेवू नका. तो सगळ्याचे लाखो बारके तुकडे करतो आणि साफसफाईच्या वेळी एकेकाला हात लावतो. फिरत्या डिस्कवर ते संपता संपत नाही.

इमिच रोज रात्री २ वाजता डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत एका फाइलीत) स्वतःच काढून ठेवतं, म्हणून रेस्टिक ३ नंतर लावा. चालू पोस्टग्रेसचं (इमिचच्या डेटाबेसचं) फोल्डर उचलून कॉपी केलंत तर हाती येईल ते उघडेलच असं नाही. तुमच्या दुकानदारांनाही सांगा, टॅलीतून बॅकअप काढून तो अपलोड करा, उघड्या कंपनीचं फोल्डर नको.

पब्लिक आयपी नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, नॅस बाहेर उघडी नसलेलीच बरी. जून २०२१ मध्ये नेटवर उघडे असलेले डब्ल्यूडी माय बुक लाइव्ह बाहेरून पुसले गेले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅपवाल्यांच्या फाइली कुलूपबंद केल्या. बाहेरून हवंच असेल तर टेलस्केल (आपल्याच मशिनांना जोडणारं खासगी जाळं).

जुनं_लोखंड:
कॅबिनेटवाल्या भावाची बाजू घेतो. माझा तसाच आहे, भिंतीवरच्या मीटरने ४५ वॉट दाखवतो. चोवीस तास ठेवला तर वर्षाला ३९४ युनिट. २२३ दोन डिस्कसह १७ वॉटच्या आसपास, म्हणजे १५० युनिट. पण मी तो चोवीस तास ठेवतच नाही. सर्व्हर रात्री वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून इशारा देऊन) उठवतो, बॅकअप घेतो, झोपवतो. बंद मशिनमध्ये रॅन्समवेअर शिरत नाही, हा वरचा फायदा. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम लागते, जुन्यात ४ असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट ही तशीच पण हलकी प्रणाली टाका.

खोकेवाला_डोंबिवली:
मान्य, आणि झोपवण्याची युक्ती चांगली आहे. पण तुम्हाला त्या खटपटीची मजा येते. ताईंच्या कामाचे मार्च आणि सप्टेंबरचे दिवस आठवा, तेव्हा पंखा वाजतोय की पॉवर सप्लाय गेलाय हे कोण बघणार? घरात आणखी एक जुनं मशिन सांभाळायची हौस असेल तरच.

निफाडची_लेक:
हौस नाही! एकच मशिन पुरे. २२३ आणि ४ टीबीच्या दोन आयर्नवुल्फ ठरवते. दोन गोष्टी राहिल्या. इन्व्हर्टर असताना यूपीएस लागेल का? आणि घरच बुडालं किंवा चोरी झाली तर? निफाडला आईकडे फायबर आहे, पण १.१ टीबी वर चढवायचा म्हणजे किती दिवस?

खोकेवाला_डोंबिवली:
इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज जाऊन तो चालू होईपर्यंतच्या झटक्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस मोडचं बटण असेल तर ते आधी दाबून बघा. तरी मी छोटा यूपीएस घेईनच, फक्त डेटासाठी यूएसबी पोर्ट असलेला. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ते नसतं. यूएसबी नॅसला लावली की बॅटरी संपत आल्यावर नॅस नीट बंद होते, आणि नेटवर्कवरून सर्व्हरलाही सांगते. सर्व्हरवर त्यासाठी नट नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागेल.

अपलोड खरंच १०० चं मिळालं तर १.१ टीबीला एक पूर्ण दिवस. तसं मिळत नाही, म्हणून पहिली प्रत वाहून न्या. तुमची २ टीबीची यूएसबी डिस्क आता मोकळी होईल. ती घरीच रेस्टिकने भरा, मग निफाडला नेऊन एखाद्या रास्पबेरी पायला (तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला) लावा आणि पुढचा फरक टेलस्केलवरून जाऊ द्या. रेस्टिक सगळं कुलूपबंदच ठेवतं, त्यामुळे डिस्क तिथून चोरीला गेली तरी दुकानदारांचे हिशोब कोणाला वाचता येणार नाहीत.

त्याचा पासवर्ड मात्र सर्व्हरमधल्याच पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवून गप्प बसू नका. सर्व्हर गेला की तोही गेला, आणि रेस्टिकला मागचं दार नाही. कागदावर लिहून एक प्रत आईकडे द्या. पेटी आली की यूएसबी डिस्क पुसण्याआधी एक कंटेनर आणि फोटोंचं एखादं फोल्डर नॅसवरून परत उभं करून बघा. अडलं तर इथेच लिहा, एरर जशीच्या तशी टाका.