कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना सर्वांना खुली करावी का?

मूळ लेखन (विश्रामबाग, सांगली):
केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत कर्मचारी वेतनस्तराप्रमाणे दरमहा २५० ते १,००० रुपये वर्गणी भरतो आणि तेवढ्यात घरच्यांची तपासणी, औषधे, शस्त्रक्रिया सारे भागते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पुण्यात राहणारे माझे मेहुणे रक्तदाबाच्या गोळ्या योजनेच्या दवाखान्यातून आणतात. मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणारा मी त्याच गोळ्या दुकानातून विकत घेतो, शिवाय साठीनंतर फुगत चाललेला खासगी विम्याचा हप्ता भरतो. आम्हालाही वर्गणी भरून या योजनेत येऊ द्यावे. राजस्थानने २०२१ मध्ये चिरंजीवी योजना वर्षाला ८५० रुपये भरणाऱ्या कुटुंबांना खुली केली होतीच.

प्रतिसाद (मिरज):
हा दाखला आपल्याच विरोधात जातो. ८५० रुपयांत कोणाचा विमा उतरत नाही. उरलेला भार तिजोरीने उचलला होता, आणि हजाराच्या वर्गणीचेही तेच आहे. मी रुग्णालयात बिलांच्या खिडकीवर बसतो. "आज पॉलिसी काढली तर उद्याच्या अँजिओप्लास्टीला चालेल का?" असे विचारणारे नातेवाईक नेहमी भेटतात. दार उघडले की आधी हेच येणार. नोकरदारांची वर्गणी पगारातूनच कापली जाते, म्हणून त्यांच्यातला धडधाकट तरुणही भरतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजनेत पांढऱ्या शिधापत्रिकेलाही पाच लाखांचे संरक्षण आहे.

मूळ लेखक:
८५० रुपयांचा मुद्दा मान्य. पूर्ण खर्चाइतकी वर्गणी आकारा. पण फुले योजना खाटेवर पडल्यावरची. माझ्या रोजच्या गोळ्यांना तिचा काय उपयोग? आजारीच तेवढे येतील ही भीती असेल, तर यार्डातले अडते, तोलाईदार, हमाल यांची एकगठ्ठा नोंदणी करा आणि जुन्या आजाराला वर्षभर थांबायला लावा.

प्रतिसाद (तासगाव):
मी केंद्राचा निवृत्त कर्मचारी, माझे कार्ड पुण्याचे. गोळ्यांसाठी कोण सव्वादोनशे किलोमीटर जाणार? म्हणून मी दवाखान्याऐवजी दरमहा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेतो आणि औषधे आपल्यासारखीच दुकानातून आणतो. आपण पूर्ण वर्गणी भरलीत, तरी सांगलीत राहून हातात एवढेच पडेल. वर्गणी कोणी भरावी हा वाद नंतर घालू. आधी मिरजेत योजनेचा दवाखाना मागा, त्या अर्जावर माझीही सही घ्या.